मोटरहोममधून अलास्का हायवेवरचा एक दिवस: फोर्ट नेल्सन ते लीआर्ड – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा टप्पा आम्ही मोटरहोमने, म्हणजे आत राहण्याझोपण्याची सोय असलेल्या गाडीने, दोनदा केला. पहिल्यांदा घाईत, दुसऱ्यांदा नीट. तेव्हापासून ओळखीचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे आणि अगदी अनोळखीही तेच ते प्रश्न पाठवत राहतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. सगळी एकाच दिवसाबद्दल आहेत. अख्ख्या हायवेची माहिती इथे मिळणार नाही.

१. हा नक्की कुठला रस्ता आणि त्यातला कुठला तुकडा?

अलास्का हायवे कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात डॉसन क्रीकला सुरू होतो, युकॉनमधून जातो आणि अमेरिकेच्या अलास्का राज्यात डेल्टा जंक्शनला संपतो. लांबी सुमारे २,२०० किलोमीटर. पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यावर अलास्काला जमिनीवरून रसद पोहोचवण्यासाठी अमेरिकी सैन्याने १९४२ मध्ये तो खोदला. मार्चमध्ये काम सुरू झालं आणि त्याच वर्षी २० नोव्हेंबरला उद्घाटन. दहा हजारांहून जास्त सैनिक राबले आणि त्यातले जवळपास एक तृतीयांश कृष्णवर्णीय होते, याचा उल्लेख फलकांवर बराच उशिरा आला. सामान्य लोकांसाठी रस्ता १९४८ मध्ये खुला झाला.

आपला तुकडा फोर्ट नेल्सनपासून लीआर्ड रिव्हर हॉट स्प्रिंग्जपर्यंतचा, साधारण ३१० किलोमीटर. रॉकी पर्वताचं उत्तर टोक याच तुकड्यात ओलांडलं जातं. माझ्या मते अख्ख्या हायवेवर इतकं देखणं दुसरं काही नाही. याच हायवेवर पुढे युकॉनमध्ये लागणाऱ्या क्लुआनी सरोवराकडचे लोक यावर भांडतील, भांडू देत.

२. नकाशा म्हणतो चार तास. मग अख्खा दिवस कशाला? पुढे वॉटसन लेक गाठता येईल ना?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि पहिल्या खेपेला आम्ही हीच चूक केली. वॉटसन लेक हे युकॉनमधलं गाव लीआर्डपासून आणखी सुमारे २१० किलोमीटर. बेरीज ५२० होते, कागदावर सोपी दिसते. आम्ही सकाळी नऊला निघालो, रात्री साडेदहाला पोहोचलो, आणि त्या दिवसाचं मला आता काय आठवतं तर पुढच्या ट्रकची धूळ आणि बायकोचा अबोला.

नकाशाचे तास मोटारीचे असतात. मोटरहोमला चढावर दम लागतो, उतारावर खालच्या गिअरमध्ये संथ उतरावं लागतं, खडीच्या पट्ट्यांवर वेग निम्म्यावर येतो. रस्त्याचं काम चालू असेल तर पाटी धरलेला माणूस वीस-पंचवीस मिनिटं थांबवतो आणि मग मार्गदर्शक गाडीच्या मागून रांगेने सोडतो. उत्तरेत उन्हाळा म्हणजेच रस्तेदुरुस्तीचा हंगाम, त्यामुळे हे बहुतेक रोज घडतं.

शिवाय थांबायला जागा किती! साधारण १४० किलोमीटरवर समिट लेक. इथली खिंड १,२९५ मीटरवर आहे, आणि अलास्का हायवेवरचा सर्वांत उंच बिंदू तोच. जूनमध्येही वारा कानाला झोंबतो. पुढे टोड रिव्हर, जिथल्या लॉजच्या छताला हजारो टोप्या टांगलेल्या आहेत. त्या आधी आणि नंतर डोंगरांच्या कड्यांत खडकाच्या घड्या दिसतात, साडी घडी घालताना मध्येच सोडून द्यावी तशा. मग मंचो लेक. बारा किलोमीटर लांबीचं हे हिरवंनिळं सरोवर आणि त्याच्या काठाला चिकटून कड्यात कोरलेला रस्ता. इथे किमान दीड तास काढा. काठावर गाडी लावून जेवा. हे सगळं पाहून संध्याकाळी पाचला लीआर्डला पोहोचलात तर गरम पाण्यात बसायला वेळ उरतो (प्रश्न १६).

आमचा नियम आता असा: मोटरहोमने दिवसाला तीनशेच्या आसपास. मागच्या दिवशी चारशे करा हवं तर, या दिवशी नाही.

३. गाडी चालवायला वेगळा परवाना लागतो का?

भाड्याने मिळणाऱ्या नेहमीच्या मोटरहोमला साधा मोटारीचा परवाना चालतो. भारतातून जाणार असाल तर परवाना इंग्रजीत छापलेला हवा, आणि सोबत आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. तो एक वर्ष चालतो. वयाची अट आणि अनामत रक्कम प्रत्येक भाडेकंपनीची वेगळी, ती आधी वाचा.

४. गाडी कुठून घ्यावी आणि केवढी?

व्हाइटहॉर्स, एडमंटन, कॅल्गरी, व्हँकुव्हर ही नेहमीची ठिकाणं. एडमंटनहून फोर्ट नेल्सन हजारेक किलोमीटर पडतं. व्हाइटहॉर्सहून घेतली तर लीआर्ड सुमारे साडेसहाशे किलोमीटरवर, आणि मग हा दिवस तुम्ही उलट्या दिशेने कराल. त्यात काही बिघडत नाही, फक्त गरम पाणी सकाळी मिळतं.

आकाराबद्दल सल्ला विचारलाच आहे तर सांगतो: चौघांना २४-२५ फुटी पुरे. लोक ३० फुटी घेतात, कारण फोटोत सोफा मोठा दिसतो. मोठ्या गाडीचा मागचा भाग चाकांच्या बराच बाहेर असतो, त्यामुळे वळताना शेपूट उलट्या बाजूला झुलतं आणि पेट्रोल पंपावरचा खांब नेमका तिथेच असतो. गाडी ताब्यात घेताना तिची उंची एका चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा, फुटांतही आणि मीटरमध्येही.

५. लॉजचे पत्ते 'माइल ४९६' असे का? माझ्या किलोमीटरशी काही जुळत नाही.

जुळणारच नाही. ते १९४० च्या दशकातले मैल आहेत. रस्ता बांधला तेव्हा डॉसन क्रीक म्हणजे मैल शून्य धरून खांब रोवले. फोर्ट नेल्सन मैल ३००, समिट ३९२, टोड रिव्हर ४२२, मंचो ४५६, लीआर्ड ४९६. पुढे सैन्याने घाईत काढलेली वेडीवाकडी वळणं दरवर्षी सरळ होत गेली आणि रस्ता आखूड झाला, पण गावांची आणि लॉजची ओळख जुन्या मैलांशीच चिकटून राहिली. हिशोब करून पाहा: ४९६ मैल म्हणजे सुमारे ७९८ किलोमीटर, पण आज लीआर्डपाशी किलोमीटरचा खांब ७६५ च्या आसपासचा आहे. तेहतीस किलोमीटर वळणांत विरघळले.

व्यवहारात एवढंच करा: जुना मैल हा पत्ता समजा, अंतर नव्हे. अंतरासाठी किलोमीटरचे खांब पाहा. डेल्टा जंक्शन अजूनही स्वतःला मैल १,४२२ म्हणवतं, रस्ता मात्र १,३८७ मैलांचाच उरला आहे.

६. सकाळी निघण्याआधी काय काय तपासायचं?

घर उचलून न्यायचंय हे लक्षात ठेवा. पाण्याची नळी आणि विजेची केबल काढली का, सांडपाण्याचा नळ बंद आहे का, छतावरची झडप खाली केली का, पायरी आत घेतली का, भिंतीतून बाहेर सरकणारा खोलीचा भाग आत घेतला का. कपाटांच्या खिट्ट्या लागल्या का. फ्रीजचं दार लागलं का. हे शेवटचं दोनदा तपासा. आमचं अर्धा लिटर दही समिटच्या चढावर बाहेर आलं आणि त्याचा वास व्हाइटहॉर्सपर्यंत सोबत होता.

एकाने आतून पाहायचं, दुसऱ्याने बाहेरून गाडीला पूर्ण फेरी मारायची. दोघांनी मिळून पाहिलं की दोघांनाही वाटतं, दुसऱ्याने पाहिलं असेल.

७. पेट्रोल किती लागतं? वाटेत पंप आहेत ना?

२५ फुटी पेट्रोल मोटरहोम शंभर किलोमीटरला पंचवीस ते तीस लिटर पिते. म्हणजे या दिवसाला ऐंशी-नव्वद लिटर. वारा समोरून असेल तर वरचा आकडा धरा. टाकी मोठी असते, बऱ्याच गाड्यांत दोनशे लिटरच्या आसपास, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही.

पंप आहेत, पण ते लॉजचे. फोर्ट नेल्सन सोडल्यावर विजेच्या तारा संपतात. पुढची लॉज स्वतःचा जनरेटर चालवून वीज करतात आणि इंधन टँकरने आणवतात. साहजिकच दर गावापेक्षा बराच चढा. त्यावर काउंटरवर हुज्जत घालू नका, ते लोक तिथे हिवाळाही काढतात. हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी एखादं लॉज बंदही असतं. म्हणून फोर्ट नेल्सनला टाकी पूर्ण भरा आणि अर्धी झाली की पहिल्या चालू पंपावर थांबा. पुढचा स्वस्त असेल अशा आशेवर पुढे जाऊ नका.

दोन खुलासे. तिथे 'गॅस' म्हणजे पेट्रोल. स्वयंपाकाचा गॅस तो प्रोपेन. आणि डिझेलची गाडी घेतली असेल तर टाकीच्या झाकणावरचं वाचूनच नळी उचला, नळीच्या रंगावर जाऊ नका.

८. रस्ता डांबरी आहे की खडीचा? काच फुटली तर?

जवळपास सगळा डांबरी आहे, पण दुरुस्तीला घेतलेले तुकडे खडीचे असतात आणि काही ठिकाणी डांबरावर खडी पसरून ती वाहनांखालीच दाबू देतात. समोरून ट्रक आला की खडे उडतात. वेग कमी करा, उजवीकडे राहा, ट्रक जाऊ द्या. खड्याचा वेग तुमच्या आणि त्याच्या वेगाच्या बेरजेएवढा असतो, तुम्ही हळू झालात तर निदान अर्धी बेरीज तुमच्या हातात.

काचेला टिकली पडली तर त्याच दिवशी पारदर्शक चिकटपट्टी लावा, म्हणजे धूळ आत जात नाही आणि नंतर ती नीट भरता येते. भाडेकरारात काच, छत आणि गाडीचा तळ विम्यातून वगळलेले असतात असं बऱ्याचदा दिसतं. सही करण्यापूर्वी नेमकं तेच पान वाचा. दिवसाही दिवे लावून चालवा.

९. गाडी चालू असताना मागे झोपता येतं का? टॉयलेट, चहा?

नाही. आसनपट्टा असलेल्या जागीच बसायचं, गाडी चालू असताना सगळ्यांनी पट्टा लावायचा. 'सहा जण झोपतात' आणि 'सहा जण बसतात' या वेगळ्या गोष्टी आहेत, गाडी ठरवताना पट्टे मोजा. मुलांची आसनं आधी सांगून घ्यावी लागतात.

१०. फ्रीज आणि प्रोपेन चालू ठेवून गाडी चालवायची का?

जुन्या पद्धतीचा फ्रीज कॉम्प्रेसरवर चालत नाही. त्यात अमोनियाचं द्रावण ज्योतीने किंवा विजेने तापवतात आणि ते फिरत राहून थंडी तयार होते. गंमत म्हणजे आगीवर बर्फ. हे द्रावण उतारानेच फिरतं, म्हणून गाडी तिरकी उभी असेल तर ते अडतं आणि फ्रीज हळूहळू खराब होतो. मुक्कामाला चाकांखाली ठोकळे घालून गाडी समतल करायची ती आपल्या झोपेसाठी असते तशी फ्रीजसाठीही असते. नव्या गाड्यांत बॅटरीवरचा कॉम्प्रेसर असतो, त्यांना याचं काही वाटत नाही.

चालवताना प्रोपेन बंद ठेवलेलं बरं. दार उघडलं नाही तर फ्रीज चार-पाच तास थंड राहतो. पेट्रोल पंपावर मात्र प्रोपेन बंदच हवा, कारण फ्रीजची ज्योत आपोआप पेटते आणि ती नेमकी कधी पेटेल हे तुम्हाला कळत नाही.

११. प्राणी खरंच रस्त्यावर असतात? किती धोका?

असतात, आणि ते हटत नाहीत. समिट ते मंचो या भागात स्टोन शीप नावाच्या करड्या रानमेंढ्या रस्त्यावरचं मीठ चाटत उभ्या असतात, पिल्लांसकट. हॉर्न दिला तर वर बघतात आणि पुन्हा चाटू लागतात. लीआर्डच्या जवळ वुड बायसन, म्हणजे उत्तरेचे रानगवे. उत्तर अमेरिकेतला जमिनीवरचा हा सर्वांत मोठा प्राणी. नर हजार किलोच्या आसपास भरू शकतो. या भागातून ते नाहीसे झाले होते, १९९० च्या दशकात पुन्हा आणून सोडले आणि आता कळपाने रस्त्याच्या कडेचं गवत खातात.

खरा धोका बायसनचाच, आणि तोही रात्री. अंग गडद तपकिरी, डोकं खाली, डोळे दिव्यात फारसे चमकत नाहीत. डांबर उबदार असतं म्हणून काही जण रस्त्यावरच बसतात. म्हणूनही अंधार पडण्याआधी पोहोचा, जरी जूनमध्ये अंधार जेमतेमच पडत असला (प्रश्न १८). मूस (उत्तरेतलं भलंमोठं हरीण) मात्र पहाटे आणि संध्याकाळी ओलसर जागी दिसतं आणि एकदम धावत सुटतं.

पाहायला थांबायचं तर गाडी पूर्ण कडेला घ्या, धोक्याचे दिवे लावा आणि आतूनच पाहा. रस्त्याच्या मधोमध थांबून फोटो काढणारे मी पाहिले आहेत, मागून चाळीस टनांचा ट्रक उतारावरून येत असतो. आणि बायसनजवळ पायी जाऊ नका. शेपूट वर उचलली की तो विचार बदलतोय असं समजा.

१२. मोबाइलला रेंज असते का?

फोर्ट नेल्सन सोडलं की वॉटसन लेकपर्यंत रेंज नाही असंच धरून चाला. काही लॉजवर वायफाय मिळतं. नकाशा आधी उतरवून ठेवा, घरी सांगून ठेवा की उद्या संध्याकाळपर्यंत फोन लागणार नाही. भारतात फोन करायचा तर वेळेचा फरक साडेबारा तासांचा आहे. फोर्ट नेल्सन आणि युकॉनचं घड्याळ वर्षभर एकच असतं, ते पुढेमागे होत नाही. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र किंवा तसा फोन सोबत असेल तर उत्तम. नसेल तर कुणीतरी थांबतंच. या रस्त्यावर बॉनेट उघडं दिसलं आणि कुणी थांबलं नाही असं आम्ही तरी पाहिलं नाही.

१३. कुठेही गाडी लावून झोपता येतं का?

रस्त्याकडेच्या थांब्यांवर पाटी वाचा, जिथे रात्रीचा मुक्काम नको लिहिलंय तिथे नको. प्रांतिक उद्यानांत ठरलेल्या कॅम्पग्राउंडमध्येच. लीआर्डची जागा उन्हाळ्यात आधी आरक्षित करता येते आणि करावीच. नाही मिळाली तर मंचो लेकच्या काठावरची दोन छोटी कॅम्पग्राउंड्स आहेत, प्रत्येकी पंधरा जागांची. दुपारी तीनच्या आधी पोहोचलात तर नशीब उघडतं. तिथे राहायचं आणि लीआर्ड दुसऱ्या दिवशी सकाळी करायचं, ही तर माझी आवडती योजना आहे.

१४. वीज जोडणी नसते म्हणे. मग रात्री थंडीत हीटर कसा चालणार?

या उद्यानांत विजेची, पाण्याची, सांडपाण्याची जोडणी नसते. गाडीचा हीटर प्रोपेनवर तापतो पण त्याचा पंखा बॅटरीवर फिरतो, म्हणजे रात्रीत बॅटरी उतरते, प्रोपेन नाही. जूनमध्येही पहाटे पारा पाचच्या खाली जाऊ शकतो. हीटर कमी तापमानावर ठेवा, पांघरूण जास्त घ्या. दिवसभर गाडी चाललेली असेल तर बॅटरी भरलेली असते, एका रात्रीला पुरते.

जनरेटर आहे, पण ब्रिटिश कोलंबियाच्या उद्यानांत तो सकाळी ९ ते ११ आणि संध्याकाळी ६ ते ८ एवढाच चालवता येतो. मायक्रोवेव्ह आणि केस वाळवायचं यंत्र त्या वेळातच. आणि हो, फोडणीमुळे धुराचा अलार्म वाजतोच. छताची झडप उघडा, पंखा लावा, तरीही वाजेल. अलार्मची बॅटरी काढू नका, बाहेरच्या टेबलावर शेगडी मांडा. फक्त भांडी घासून लगेच आत घ्या, कारण प्रश्न १७ मध्ये आहे.

१५. टॉयलेटची टाकी रिकामी करायची... हे आम्हालाच करायचं असतं का?

हो. पाच मिनिटांचं काम आहे आणि पहिल्या वेळेनंतर संकोच जातो. दोन टाक्या असतात: काळी टॉयलेटची, राखाडी बेसिन आणि अंघोळीची. डंप स्टेशनवर आधी काळी सोडायची, मग राखाडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. हातमोजे घाला. नळीचं टोक खड्ड्यात घट्ट बसल्याची खात्री झाल्याशिवाय खटका ओढू नका. आमच्या शेजारच्या गाडीतल्या गृहस्थांनी खात्री केली नव्हती. त्यांनी चपला तिथेच सोडल्या.

काळ्या टाकीचा खटका मुक्कामाला कायम बंद ठेवा. उघडा राहिला तर पातळ निघून जातं आणि घट्ट तळाशी बसतं. टाकी दोन तृतीयांश भरली की रिकामी करा, प्रवाह जोराचा मिळतो. या दिवसासाठी फोर्ट नेल्सनला दोन्ही रिकाम्या करून आणि पिण्याचं पाणी भरून निघालात की वॉटसन लेकपर्यंत चिंता नाही. राखाडी पाणी झुडपात सोडणं नियमाविरुद्ध आहे, आणि अस्वलाला त्याचा वास येतो.

१६. लीआर्डचं गरम पाणी खरंच इतकं खास आहे का? काय तयारी?

आहे. गाडीतळापासून पाणथळीवरून लाकडी फळ्यांची वाट जाते, सुमारे सातशे मीटर. पहिली वाट १९४२ मध्ये सैनिकांनी घातली होती, रस्ता खोदून आलेल्यांना अंघोळ हवी होती. पाणी गरम असल्याने इथली पाणथळ गोठत नाही आणि भोवती इतक्या उत्तरेला न शोभणारी हिरवळ आहे. एका जातीची इवलीशी गोगलगाय जगात फक्त इथेच सापडते.

कुंड नैसर्गिक आहे, तळाशी खडे. पाणी ४२ ते ५२ अंश सेल्सिअस. उगमाकडच्या टोकाला पाय ठेवून पाहाच, पण हळूच. खालच्या टोकाला गार पाणी मिसळतं, मुलांना तिथे ठेवा. अधूनमधून हाताने पाणी ढवळायचं, नाहीतर वरचा थर तापतो. वीस मिनिटांनी बाहेर या, पाणी प्या, पुन्हा जा. रक्तदाबाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. चांदीचे दागिने गंधकाने काळे पडतात, गाडीत ठेवा. साबण, शाम्पू, काचेच्या बाटल्या नकोत.

कॅम्पग्राउंडमध्ये राहणाऱ्यांचा फायदा हा की दिवसाचे पाहुणे गेल्यावर आणि पहाटे कुंड जवळपास रिकामं असतं. सकाळी सहाला वाफेत बसलेले चार जण, कुणी बोलत नाही. दुसऱ्या खेपेला आम्ही तिथून साडेदहाला हललो.

१७. अस्वलांचं काय?

काळी अस्वलं आणि ग्रिझली, दोन्ही आहेत. गाडीतून दिसली तर तो बोनस. पायी असताना बोलत चाला, टाळ्या वाजवा, मुलांना पुढे पळू देऊ नका. अस्वलासाठीचा मिरी-फवारा तिथेच विकत घ्या, विमानात तो नेता येत नाही. आणि तो कमरेला हवा, पिशवीत नाही. माणसांवर वापरायचा मिरी-फवारा कॅनडात बेकायदा आहे, डब्यावर प्राण्यांसाठी असं लिहिलेलाच घ्या.

मुक्कामाच्या जागी अन्न, भांडी, कचरा, टूथपेस्ट, कुत्र्याची वाटी, काहीही वास येणारं बाहेर ठेवायचं नाही. लीआर्डला हे फार गांभीर्याने घेतात. १९९७ च्या ऑगस्टमध्ये याच कुंडांपाशी एका काळ्या अस्वलाने हल्ला करून दोघांचा जीव घेतला. वाट बंद असल्याची पाटी दिसली तर ती ओलांडू नका.

१८. उजेडात झोप कशी लागते? आणि उत्तरध्रुवीय प्रकाश दिसेल का?

२१ जूनच्या आसपास लीआर्डला सूर्य साडेअठरा तासांहून जास्त वर असतो आणि उरलेला वेळही संधिप्रकाशातच जातो. झोपेची पट्टी न्या, खिडक्यांना गडद टॉवेल लावा. त्याच कारणाने जूनमध्ये अरोरा दिसत नाही. तो हवा असेल तर ऑगस्टच्या उत्तरार्धात किंवा सप्टेंबरमध्ये जा, डास कमी झालेले असतात आणि पानं पिवळी पडू लागलेली असतात. १ ऑक्टोबरपासून या रस्त्यावर हिवाळी टायर सक्तीचे आहेत, भाड्याच्या मोटरहोमना ते बहुतेक नसतात.

१९. वणव्यामुळे रस्ता बंद झाला तर?

होतो. २०२४ च्या मे महिन्यात वणव्यामुळे अख्खं फोर्ट नेल्सन रिकामं करावं लागलं होतं. निघण्याच्या सकाळी ड्राइव्हबीसी या सरकारी संकेतस्थळावर रस्त्याची स्थिती पाहा, युकॉनसाठी ५११ नावाचं तसंच संकेतस्थळ आहे. या तुकड्याला पर्यायी डांबरी रस्ता नाही. बंद म्हणजे थांबणं, किंवा शेकडो किलोमीटर उलट फिरून पश्चिमेच्या स्ट्युअर्ट-कॅसियार हायवेने वॉटसन लेकच्या जवळ निघणं. म्हणून परतीच्या विमानाआधी दोन रिकामे दिवस ठेवा. प्रवास ठरवताना याच दोन दिवसांवर सगळे काटछाट करतात.

२०. भाड्याची गाडी घेऊन पुढे अलास्कात जाता येईल?

बहुधा हो, पण कंपनीला आधी सांगून. लेखी परवानगी लागते आणि काही खडीचे रस्ते, उदाहरणार्थ डेम्पस्टर किंवा टॉप ऑफ द वर्ल्ड हायवे, करारात सरळ वगळलेले असतात. भारतीय पारपत्रावर कॅनडा आणि अमेरिका दोन्हींचे व्हिसा वेगवेगळे लागतात. अलास्का हायवेवरची अमेरिकेची चौकी चोवीस तास उघडी असते. टॉप ऑफ द वर्ल्डवरची मात्र फक्त उन्हाळ्यात, आणि तीही ठरावीक वेळेत. सीमा ओलांडली की घड्याळ एक तास मागे घ्या.

फळं, कच्चं मांस आणि सरपणाचे नियम बदलत राहतात, फ्रीज जवळजवळ रिकामा करून सीमेवर जाणं सोपं. गांजा कॅनडात कायदेशीर असला तरी सीमेपलीकडे नेणं गुन्हा आहे, दोन्ही दिशांनी. अधिकाऱ्याने गाडीत चढून पाहायचं म्हटलं तर पायरी बाहेर काढा आणि खाली उतरून उभे राहा. आमच्या वेळी त्याने फक्त फ्रीज उघडला आणि लोणच्याची बरणी हातात घेऊन हे काय म्हणून विचारलं. आंबा म्हटल्यावर तो पाच मिनिटं आत जाऊन आला. तेल-मिठात मुरलेलं आहे हे पटवल्यावर बरणी परत मिळाली.